आधी बादली, मग पंप: शाळेत मातीविना भाजी पिकवताना

शाळेने हायड्रोपोनिक्सचा उपक्रम जाहीर केला की सोबत बहुधा एखाद्या कंपनीचे गुळगुळीत माहितीपत्रक येते. पांढऱ्या नळ्यांची उभी मांडणी, त्यात हिरवेगार लेट्यूस आणि बाजूला हसणारी मुले. बंगळूरच्या यशवंतपूर, मत्तिकेरे, मल्लेश्वरम, पीण्या या पट्ट्यातल्या मराठी पालकांचे त्यानंतरचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. एवढे पैसे भरायचे का? खताचे पाणी मुलांच्या हातात द्यायचे का? ती भाजी खायला बरी का? शिक्षकांना वेगळीच धास्ती असते. शनिवारी-रविवारी वीज गेली आणि सोमवारी सगळी रोपे माना टाकून बसलेली दिसली, तर उत्तर कोणी द्यायचे?

या प्रश्नांची उत्तरे अवघड नाहीत, पण क्रम चुकला की पैसा आणि मुलांचा उत्साह दोन्ही वाया जातात. आमचा सल्ला थोडक्यात असा: पहिल्या वर्षी पंप, नळ्या, दिवे यांपैकी काहीही विकत घेऊ नका. झाकणाची बादली, दोन प्रकारचे खत, पीएच आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायची दोन साधी उपकरणे आणि एक जाड वही एवढ्यावर सुरुवात करा. यंत्रणा हवी की नको हे मुलांच्या वहीतले आकडे पाहून दुसऱ्या वर्षी ठरवता येते.

पद्धत कोणती निवडाल?

बाजारात नावे बरीच ऐकू येतील. शाळेच्या कामाच्या चारच आहेत.

- बिनपंपाची बादली. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांनी ही पद्धत रूढ केली, म्हणून तिला क्रॅटकी पद्धत म्हणतात. रोप झाकणातल्या छिद्रात बसते आणि मुळे खालच्या खतपाण्यात उतरतात. पाणी कमी होत जाते तशी मुळांना हवा मिळत जाते. वीज लागत नाही. पालेभाज्यांसाठी उत्तम.
- हवा सोडलेली टाकी. मोठ्या टबात खतपाणी आणि माशांच्या टाकीसारखा छोटा एअर पंप. वीज दोन-चार तास गेली तरी सहसा निभावते.
- वाहत्या पाण्याच्या नळ्या. माहितीपत्रकात दिसते ती हीच. नळीच्या तळाशी पाण्याचा पातळ थर सतत वाहतो. पंप थांबला की उन्हाळ्यात अर्ध्या-एक तासात मुळे सुकू लागतात. रविवारी शाळेत माणूस नसेल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही.
- कोकोपीटच्या पिशव्या किंवा कुंड्या. मातीऐवजी नारळाचा भुसा आणि वरून खतपाणी. टोमॅटो, मिरची, वालासारख्या फळभाज्यांना हीच सोयीची. यशवंतपूरहून फार लांब नसलेल्या हेसरघट्टा येथील भारतीय बागायत संशोधन संस्थेने मातीविना भाजीपाल्यासाठी ‘अर्का सस्य पोषक रस’ नावाचे द्रवखत तयार केले आहे, ते कोकोपीटवरच्या पिकांसाठीच आहे.

मातीविना शेती म्हणजे महागडी यंत्रे हा समज आपल्या देशात तरी नवा आहे. १९४० च्या दशकात शोल्टो डग्लस यांनी कालिंपोंगला जे प्रयोग केले, त्यांत वाळू-खडी आणि क्षारांचे मिश्रण एवढ्यावरच भाजी पिकवली होती. ती पद्धत पुढे ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली गेली. तेव्हा शाळेला कोणी ‘यंत्रणेशिवाय हे जमत नाही’ असे सांगितले, तर ते मान्य करू नका.

पाणी कुठून आणाल?

बंगळूरमध्ये हा प्रश्न खताच्याही आधीचा आहे. आपल्या नळाला येणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळपास अर्धा किलोमीटर उंची चढवून आणलेले असते. मार्च २०२४ च्या टंचाईत पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेसाठी वापरण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. ‘शाश्वत शेती’चा धडा पिण्याच्या पाण्यावर गिरवणे मुलांनाही पटणार नाही, आणि पटू नये.

उपलब्ध पाणी असे पारखा:

१. पावसाचे पाणी सर्वांत चांगले. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे खताचा हिशेब सोपा होतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. २० चौरस मीटरच्या शेडवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे २०० लिटर, गळती-बाष्पीभवन वजा जाता दीडशे तरी हाती लागते. एवढ्यात दहा-दहा लिटरच्या पंधरा बादल्या भरतात. पहिल्या पावसाचे धूळमिश्रित पाणी सोडून द्या. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस जोरात असतो, तेव्हा झाकणाच्या पिंपात साठवण करा.

२. बोअरवेल किंवा टँकरचे पाणी असेल तर आधी टीडीएस मोजा. २०० ते ३०० पीपीएमपर्यंत चिंता नाही. ५०० च्या वर असेल तर त्यात निम्मे पावसाचे पाणी मिसळा. टँकर बदलला की पाणी बदलते, म्हणून दर वेळी नव्याने मोजा.

३. नळाचे पाणी नाइलाजाने वापरावे लागले तर रात्रभर उघड्या भांड्यात, वर बारीक जाळी बांधून ठेवा, म्हणजे क्लोरीन बराचसा उडून जातो.

४. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाते म्हणून ते इथे वापरायचा मोह होतो. त्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

बिनपंपाची बादली, पायरीपायरीने

१. बादली निवडा. जवळच्या हॉटेलात किंवा मिठाईच्या दुकानात तुपाच्या, लोणच्याच्या, दह्याच्या दहा लिटरच्या झाकणासह रिकाम्या बादल्या मिळतात. खाद्यपदार्थाच्याच बादल्या घ्या. रंगाच्या किंवा कीटकनाशकाच्या डब्यांना, ते कितीही धुतलेले असोत, हात लावू नका.

२. उजेड बंद करा. बादलीला बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. काळा रंग उजेड अडवतो, पांढरा उष्णता परतवतो. पाण्याला उजेड मिळाला की आठवडाभरात हिरवे शेवाळ धरते आणि रोपाचे खत तेच खाऊन टाकते.

३. झाकणाला छिद्रे पाडा. दोन इंची नेट पॉटसाठी (जाळीदार छोट्या कुंडीसाठी) दोन छिद्रे पुरेत. हे काम मोठ्या माणसाने करायचे. पॉटची कड झाकणावर घट्ट बसली पाहिजे, फट राहता कामा नये. का, ते पुढे डासांच्या मुद्द्यात येईल.

४. रोपे तयार करा. कोकोपीट दोन-तीन वेळा साध्या पाण्यात धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असते. यशवंतपूर तुमकूर रस्त्यावर आहे आणि तुमकूर जिल्हा नारळाचा, तेव्हा स्थानिक कोकोपीट मिळायला अडचण नाही. धने हलके रगडून दोन फाका करून पेरा. लेट्यूसचे बी मात्र वर नुसते ठेवा, त्याला उगवायला उजेड लागतो. तीन-चार खरी पाने आली की रोप बादलीसाठी तयार समजा.

५. खतपाणी भरा. पॉटचा तळ साधारण एक सेंटिमीटर बुडेल इतकेच. लेट्यूसच्या एका रोपाला लावणीपासून काढणीपर्यंत साधारण चार लिटर द्रावण लागते, त्यामुळे दहा लिटरच्या बादलीत दोन रोपे निवांत वाढतात.

६. जागा ठरवा. सकाळचे चार ते सहा तास ऊन मिळेल अशी पूर्वेची कड उत्तम. दुपारच्या उन्हात पाणी तापते.

७. आता हात आवरा. सगळ्यात जास्त रोपे याच पायरीवर मरतात. दोन आठवड्यांनी झाकण उचलून पाहिले तर मुळांचे दोन थर दिसतात. वरची मुळे जाडसर, पांढरी, लव असलेली आणि हवेत लोंबणारी असतात. खालची लांब, गुळगुळीत आणि पाण्यात बुडालेली. वरची मुळे श्वास घेतात, खालची पाणी पितात. पाणी कमी झालेले पाहून कोणी मायेने बादली काठोकाठ भरली, की वरची मुळे गुदमरतात आणि भरपूर पाणी असूनही रोप दोन दिवसांत मलूल होते. भर घालायचीच तर अर्ध्या पातळीपर्यंत, त्याहून वर नाही. बादलीच्या आत तशी खूण करून ठेवा.

खत: दोन बाटल्या का असतात?

दुकानात ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्या किंवा पुड्या मिळतात. पहिलीत मुख्यतः कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत फॉस्फेट आणि सल्फेट असतात. दोन्ही दाट स्वरूपात एकत्र झाले की कॅल्शियम फॉस्फेट-सल्फेटशी जुळून पांढरा साका तळाशी बसतो आणि तो रोपाच्या काही कामाचा राहत नाही. मुलांना एकदा काचेच्या पेल्यात हे मुद्दाम करून दाखवा. दोन स्वच्छ द्रवांचे दुधाळ पाणी झालेले पाहिल्यावर नियम पाठ करून घ्यावा लागत नाही.

योग्य क्रम: बादलीभर पाणी, त्यात ‘अ’, नीट ढवळणे, मग ‘ब’, पुन्हा ढवळणे, मग टीडीएस किंवा ईसी (पाण्याची विद्युतवाहकता), आणि शेवटी पीएच.

- ईसी: लहान रोपांना ०.६ ते ०.८, वाढत्या पालेभाजीला १.२ ते १.६. बिनपंपाच्या बादलीत उन्हाने पाणी उडते आणि द्रावण आपोआप दाट होते, म्हणून १.२ ला सुरुवात करा.
- टीडीएसचा घोळ: काही मीटर १ ईसी म्हणजे ५०० पीपीएम धरतात, काही ७००. एका शाळेचा आकडा दुसऱ्या शाळेशी जुळत नाही तो बहुधा यामुळेच. मीटरवर ईसी दाखवायची सोय असेल तर तोच आकडा लिहा.
- पीएच: ५.५ ते ६.५. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते, पीएच हळूहळू वर सरकतो आणि रोपाला लोह घेता येत नाही. तेव्हा कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनी, खालची पाने पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता असते. दोन्हीला ‘पाने पिवळी झाली’ असेच म्हटले जाते आणि दोन्हीवर खत वाढवले जाते. पहिल्या प्रकारात खत वाढवून उपयोग नाही, पीएच उतरवावा लागतो.

शाळेत पीएच उतरवायला लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, वापरा. त्याचा परिणाम दोन-चार दिवसांत ओसरतो आणि पुन्हा मोजावे लागते, तरी मुलांच्या आसपास नायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाची बाटली असण्यापेक्षा हे बरे.

शेतीच्या दुकानात मिळणारे १९:१९:१९ विद्राव्य खत एकटेच वापरून पैसे वाचवायचा प्रयत्न अनेक शाळा करतात. त्यात कॅल्शियम नसते. पावसाच्या पाण्यात तर ते अजिबात पुरे पडत नाही, नव्या पानांच्या कडा करपतात.

काय लावावे, केव्हा लावावे

लेट्यूस छायाचित्रात छान दिसते, पण मुलांच्या घरी ते कोण खाणार? पालक, माठ, कोथिंबीर, शेपू लावा. हीच भाजी इथल्या बाजारात पालक, हरिवे, कोत्तंबरी, सब्बसिगे सोप्पू म्हणून जुड्यांनी मिळते आणि मराठी-कन्नड दोन्ही घरांत शिजते. कन्नड मित्राच्या आईकडून सब्बसिगे घातलेल्या अक्की रोट्टीची कृती वर्गात आली, तर तोही अभ्यासच.

बियाणे हेसरघट्ट्याच्या संस्थेचे मिळाले तर पाहा. पालकाचा ‘अर्का अनुपमा’, माठाचा ‘अर्का सुगुणा’ आणि कोथिंबिरीचा ‘अर्का ईशा’ हे वाण पुन्हापुन्हा कापणी देणारे आहेत. शाळेला हे सोयीचे, कारण एकाच लावणीत दोन-तीन वर्गांच्या हाती काही येते.

वेळापत्रक हवामानाइतकेच सुट्ट्यांवर ठरते:

- जून-जुलै: शाळा सुरू होते. पाणी तपासणे, बादल्या रंगवणे, बी रुजवणे. पहिली लावणी माठ-पालकाची.
- दसऱ्याची सुट्टी: तिच्या आधी काढणी उरकेल असा हिशेब करा. मधल्या वयाची रोपे बिनपंपाच्या बादलीत आठ-दहा दिवस टिकतात. मोठ्या रोपांचा भरवसा नाही.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: बंगळूरचा सर्वांत चांगला काळ. लेट्यूस लावायचेच असेल तर आता.
- मार्चनंतर: पाणी २५-२८ अंशांच्या वर गेले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, मुळे तपकिरी, बुळबुळीत होतात आणि वास येतो. ही मूळकूज. लेट्यूसला तुरे येऊन पाने कडू होतात. परीक्षाही याच काळात. मार्चअखेर बादल्या धुऊन, वाळवून, पालथ्या घालून ठेवा.

कांदा-बटाट्याच्या भानगडीत पडू नका. यशवंतपूरच्या बाजार आवारात महाराष्ट्रातून ट्रकच्या ट्रक कांदा येतो, तो मातीतच पिकतो आणि मातीतच पिकत राहणार. ‘भविष्यात सगळी शेती अशीच होईल’ असे भाषणात लिहून देणाऱ्या मुलाला एकदा त्या आवारात घेऊन जा. मातीविना पद्धत पालेभाजी, कोशिंबिरीची पाने आणि काही फळभाज्यांसाठी चांगली आहे, एवढे खरे सांगितले की पुरे.

डास, वीज, गच्ची: सुरक्षिततेच्या अटी

इथे तडजोड नको.

- डास: झाकण असलेल्या पण फट राहिलेल्या बादलीत डेंगीचे डास आरामात अंडी घालतात. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये डेंगीला साथरोग जाहीर करून, डासांची पैदास होऊ देणाऱ्या जागांना दंड ठेवला आहे. दर आठवड्याला प्रत्येक बादलीत बॅटरीचा प्रकाश टाकून वळवळणाऱ्या अळ्या आहेत का पाहा. दिसल्या तर पाणी त्याच दिवशी मातीवर ओता. रिकाम्या छिद्राला बूच लावा.
- गच्ची: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. शंभर लिटरचे दहा टब म्हणजे गच्चीवर एक टन. इमारतीच्या अभियंत्याचे लेखी मत घेतल्याशिवाय मोठी मांडणी नको. कठडा मुलांच्या छातीपेक्षा उंच असावा, आणि मोठे माणूस सोबत असल्याशिवाय गच्चीचे दार उघडू नये.
- वीज: पंप वापरणार असाल तर गळती होताच वीज तोडणारा स्विच लावून घ्या. प्लग पाण्याच्या पातळीपेक्षा वर, आणि वायर खाली लोंबती ठेवून जोडा, म्हणजे थेंब प्लगकडे ओघळत नाहीत.
- खत: कुलपात ठेवा. मोजमाप शिक्षकांसमोर, हातमोजे घालून. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत खत भरून ठेवणे हा सगळ्यात धोकादायक प्रकार आहे. सायट्रिक आम्लाचीही पूड पाण्यात टाकायची, पुडीवर पाणी ओतायचे नाही.
- टाकी धुणे: छपरावरच्या किंवा खोल टाकीत मुलांना उतरवू नये. ते काम शाळेने मोठ्यांकडून करून घ्यायचे.

ही भाजी खायची का?

खायची. खतातली मूलद्रव्ये तीच, जी रोप मातीतून घेते. दोन गोष्टी मात्र पाळा. पालक, माठ, लेट्यूस यांच्या पानांत नायट्रेट साठते. काढणीच्या आधी तीन-चार दिवस बादलीत साधे पाणी ठेवा आणि काढणी सकाळी न करता दिवसभर ऊन खाल्ल्यावर दुपारनंतर करा. उजेडात रोप साठलेले नायट्रेट वापरून टाकते. दुसरे, पाने नेहमीसारखीच धुवा. माती नाही म्हणून जंतू नाहीत असे नसते, हात आणि पाणी दोन्ही तिथे असतातच.

मावा किंवा पांढरी माशी आली तर पिवळे चिकट सापळे लावा, पाने पाण्याने धुवा, लागलेच तर कडुनिंबाचे तेल. शाळेत रासायनिक फवारणी नको.

आणि या भाजीच्या जुडीवर ‘सेंद्रिय’ असा कागद चिकटवू नका. खते कारखान्यातली आहेत. ‘रासायनिक कीटकनाशकाविना, मातीविना पिकवलेली’ असे लिहा, ते खरे आहे आणि पुरेसे कौतुकाचेही आहे.

शाळेने पैसे मागितले तर

सही करण्याआधी या गोष्टी लेखी विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही, तुमचा तो हक्क आहे.

१. उपक्रम ऐच्छिक आहे की सक्तीचा? ऐच्छिक असेल तर न भरणाऱ्यांची मुले त्या तासाला काय करणार?

२. पैसे शाळा घेते की कंपनी? पावती कोणाच्या नावाची?

३. संच बिघडला, पंप जळाला तर दुरुस्ती कोणाची, किती दिवसांत? सुटे भाग इथे मिळतात का?

४. दुसऱ्या वर्षी पुन्हा खत-बियाणे त्याच कंपनीकडून घेण्याची अट आहे का? असेल तर संच स्वस्त असूनही व्यवहार महाग पडतो.

५. खताच्या पाकिटावर घटक आणि त्यांचे प्रमाण छापलेले आहे का? नुसते ‘खास मिश्रण’ असे लिहिलेले खत घेऊ नका.

६. मुलांची छायाचित्रे, व्हिडिओ कंपनीच्या जाहिरातीत जाणार का? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. प्रवेशाच्या वेळी केलेली मोघम सही यासाठी पुरेशी मानू नका, नको असेल तर तसे लेखी कळवा.

खासगी कंपनीला पैसे देऊन सेवा किंवा वस्तू सदोष निघाली, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूने आहे. आधी कंपनीला लेखी तक्रार करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. फोन हिंदी-इंग्रजीखेरीज प्रादेशिक भाषांतही घेतला जातो. फीच्या सक्तीबद्दल तक्रार असेल तर ती तुमच्या भागातल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या (बीईओ) कार्यालयात जाते.

सरकारी शाळेतल्या पालकांसाठी मार्ग वेगळा. केंद्राने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जिथे जमीन नाही तिथे गच्ची, कुंड्या, डबे यांत भाजी लावायला त्यांत वाव आहे आणि ती भाजी मध्यान्ह भोजनात, म्हणजे इथल्या ‘अक्षर दासोह’मध्ये, वापरावी अशी कल्पना आहे. प्रस्ताव शाळा विकास व देखरेख समितीपुढे, म्हणजे एसडीएमसीपुढे ठेवा. पालक म्हणून तुमचे प्रतिनिधी तिथे असतातच.

आणखी एक. रोप मेले म्हणून मुलाला वर्गात उभे करणे, ‘तुझ्यामुळे प्रदर्शन गेले’ म्हणून बोल लावणे, हे शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मना केलेल्या मानसिक छळात मोडू शकते. तसे घडले तर मुख्याध्यापकांकडे लेखी द्या. या उपक्रमात रोपे मरणारच. का मेली हे शोधण्यासाठीच तर तो आहे.

वहीत काय लिहायचे

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे आणि केलेल्या कामाचा खर्च-हिशेब मुलांनीच मांडायचा, ही शिस्त तिथून महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत गेली. मातीविना भाजीला तीच शिस्त लावा. वही मुलांच्या अक्षरात हवी, शिक्षकांच्या नाही.

- तारीख, ईसी, पीएच, दुपारचे पाण्याचे तापमान. आठवड्यातून दोनदा.
- बादलीत एकूण किती लिटर पाणी घातले.
- काढणीला किती ग्रॅम पाने निघाली.
- शेजारी मातीच्या कुंडीत त्याच दिवशी लावलेल्या त्याच भाजीचे हेच आकडे.

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. ‘९० टक्के पाणी वाचते’ हा दावा माहितीपत्रकात असतो. तुमच्या गच्चीवर किती वाचते ते शंभर ग्रॅम पालकामागे लागलेल्या लिटरांवरून मुलांना काढता येते. आकडा ९० निघो की ४०, तो त्यांचा असेल. दुसऱ्या वर्षी पंप घ्यायचा प्रश्न आला की विजेचाही हिशेब याच वहीत मांडा: १८ वॉटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे १३ युनिट. त्या विजेने किती भाजी जास्त निघाली, हे मुलांनी सांगितल्यावर खरेदीचा निर्णय घ्या.

उरलेल्या पाण्याचे काय?

काढणीआधी साधे पाणी भरताना बादलीत दोन-तीन लिटर खतपाणी उरलेले असते. ते गटारात ओतले की राजकालुव्यांतून (पावसाळी नाल्यांतून) तळ्यात जाते आणि तिथे शेवाळ-जलपर्णी माजते. बंगळूरच्या तळ्यांना आधीच सांडपाण्याने ग्रासले आहे, त्यात शाळेची भर नको. उरलेल्या पाण्यात तेवढेच साधे पाणी मिसळून आवारातल्या झाडांच्या आळ्यात घाला, एकाच झाडाला पुन्हापुन्हा नको. आवारात माती नसेल तर कुंड्या घरी नेणाऱ्या मुलांना बाटलीतून द्या, बाटलीवर ‘झाडांचे खत, पिऊ नये’ असे मराठी, कन्नड आणि इंग्रजीत ठळक लिहून. मुळांचे जाळे कोकोपीटसकट कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. नेट पॉट ब्रशने घासून उन्हात वाळवा, पाच-सहा हंगाम सहज चालतात. थर्माकोलचे तराफे मात्र पहिल्यापासूनच आणू नका. त्यांचे कण सुटतात आणि ते कोणीच परत घेत नाही.

हेसरघट्ट्याच्या संस्थेत बहुधा वर्षाच्या सुरुवातीला बागायत मेळा भरतो आणि जीकेव्हीके आवारात कृषी विद्यापीठाचा कृषी मेळा बहुधा नोव्हेंबरात. दोन्हीकडे मातीविना लागवडीची प्रात्यक्षिके पाहता येतात. मुलांना नेणार असाल तर भरलेली वही सोबत असू द्या, आणि पिवळ्या पडलेल्या पानांचा एक नमुना ओल्या कागदात गुंडाळून.